मामाचं यकृत

देवानं माणसाला दिलेल्या सगळ्या अवयवांत खरा दानशूर एकच, तो म्हणजे यकृत. त्याचा तुकडा कापून दुसऱ्याला द्यावा, दोन-तीन महिन्यांत ते भरून येतं. देणाराही जगतो आणि घेणाराही. हे मला डॉक्टर दुर्रिया यांनी सांगितलं, तेव्हा माझा ऊर भरून आला होता. मग त्यांनी माझ्या पोटाचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "तुमचं मात्र, उस्ताज फिक्री, कुणाला देण्यासारखं नाही. यात एक तृतीयांश चरबी आहे."

उस्ताज म्हणजे मास्तर; मी दसूक गावातल्या मुलांच्या शाळेत इतिहास शिकवतो. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि त्या दिवसापर्यंत माझ्या आतल्या भागांत कुणी इतका रस घेतला नव्हता.

रस घ्यायचं कारण माझी भाची, जुमाना. दहा महिन्यांची. जन्मल्यावर ती पिवळी पडली, तेव्हा आमच्याकडे सगळे करतात तेच तिच्या घरच्यांनी केलं: पाळण्यावर ट्यूबलाइट बांधली. दृष्ट लागू नये म्हणून चाळीस दिवस तिला कुणाला दाखवलं नाही. शी पांढरी होत होती, तर आजी म्हणाली दूध पांढरंच असतं. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर तीन महिने झाले होते. यकृतातून पित्त बाहेर न्यायची वाटच तिच्यात बनलेली नव्हती. ती करून देणारं ऑपरेशन उशिरा झालं आणि लागू पडलं नाही. आता नवं यकृत हाच उपाय, आणि आमच्याकडे ते जिवंत नातेवाइकाकडूनच मिळतं. आईचा रक्तगट जुळेना, बापाचा जुळेना. जुळला तो मामाचा.

"बारीक व्हा," डॉक्टर दुर्रिया म्हणाल्या. "माझा याच विषयावर अभ्यास चालू आहे. चरबीवाल्या दात्यांना आहार आणि चालणं देऊन शस्त्रक्रियेच्या लायक करायचं. चरबी दहा टक्क्यांच्या खाली आणा. येता का अभ्यासात?"

मी सही केली. मी दाता क्रमांक अकरा झालो. आयुष्यात पहिल्यांदाच माझा कुठेतरी क्रमांक लागला.

मी रोज संध्याकाळी कालव्याच्या काठानं चालू लागलो. गणिताचा हिल्मी चहाच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेला असायचा. "अरे फिक्री, तू चालतोयस की तुला कुणी हाकलतंय?" तो ओरडायचा. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "थांब जरा, तुझं पोट अजून मागच्या वळणावर आहे." पण चहात साखर घालू नको, हे तोच पोऱ्याला सांगायचा.

जेवणाचा प्रश्न सोपा होता. माझं जेवण वर्षानुवर्षं बहिणीच्या, इन्शिराहच्या, घरून येतं. ती मुलीला घेऊन दिवसभर दवाखान्यात. म्हणून स्वयंपाक तिची सासू, हाज्जा नवाइम, करायची. डॉक्टरांचा कागद भिंतीवर चिकटवला होता: उकडलेल्या भाज्या, कातडी काढलेली कोंबडी, मसुराचं सूप, तूप-तेल नाही. हाज्जाला वाचता येत नव्हतं. पण इन्शिराहनं तो तिला तीनदा वाचून दाखवला होता.

दर रविवारी आमची दोघांची वजनं व्हायची. एका खोलीत काट्यावर मी, शेजारच्या खोलीत जुमाना. माझं उतरायला हवं होतं, तिचं चढायला. पाचव्या रविवारी तिचं चारशे ग्रॅम वाढलं. इन्शिराहनं वॉर्डातल्या नर्सांना सरबत वाटलं. शाकिर, म्हणजे मुलीचा बाप, दारातच रडला. संध्याकाळी डॉक्टर दुर्रियांनी तिचं पोट बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या की हे वजन नाही, पाणी आहे.

सहाव्या आठवड्यात माझा पुन्हा फोटो काढला. तेहेतीसचे एकतीस टक्के झाले होते.

"उस्ताज," डॉक्टर म्हणाल्या, "मला खोटं सांगू नका. बसबूसाची मिठाई कोण आणून देतंय?"

"अल्लाशपथ, कुणी नाही."

"मग हवेतून येतंय का? माझे बाकीचे दाते अर्ध्यावर आलेत."

इन्शिराह कोपऱ्यात मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.  परतताना मायक्रोबसमध्ये ती म्हणाली, "अबीह, खरं सांग. मी रागावणार नाही." लहानपणापासून ती मला अबीह म्हणते, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

"तुझ्या घरून येतं तेवढंच खातो," मी म्हणालो.

घरी गेल्यावर तिनं मुलीला शाकिरकडे दिलं, सरळ चुलीपाशी गेली आणि माझ्यासाठी ठेवलेल्या भांड्याचं झाकण काढलं. सुपात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. मग बोट सासूपुढे धरलं.

"हे काय आहे?"

"काय असणार? तूप," हाज्जा म्हणाली. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं. "म्हशीचं. माझ्या भावाकडचं, घरचं."

"कागदावर काय लिहिलंय, आई?"

"त्या डॉक्टरणीला पोरं किती? एकही नाही. मी सात वाढवलीत. अगं, ज्याच्या अंगातला तुकडा काढून आपल्या पोरीला लावायचाय, त्याला उपाशी ठेवायचं? वाळक्या माणसाचं लिव्हर वाळकंच निघणार. कसायाकडे जाते तेव्हा मी काय सुकलेली कलेजी आणते का? चकचकीत बघून आणते. माझ्या नातीला मी हलकं लावू देणार नाही."

शाकिरनं खाली पाहिलं. म्हातारी माया करत होती आणि तिचं कसायाचं ज्ञान बिनचूक होतं. इन्शिराहनं सूप मोरीत ओतलं, भांडं घासलं, पुन्हा घासलं, मग तिसऱ्यांदा घासायला घेतलं. शाकिरनं ते तिच्या हातून काढून घेतलं.

इथं एक गोष्ट लिहून ठेवायला हवी, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. उकडलेली भाजी इतकी चविष्ट कशी, हा प्रश्न मला दुसऱ्याच दिवशी पडला होता. लसूण तुपात परतल्याशिवाय तसा वास येत नाही, हे आमच्या गावात मांजरालाही कळतं. मी विचारलं नाही. डॉक्टरांच्या यादीत सूप होतं, मी सूप खात होतो. सहा आठवडे मी स्वतःला हेच सांगितलं आणि भांडं पावानं पुसून घेतलं. पाव यादीत नव्हता.

"आणखी सहा आठवडे लागतील," डॉक्टर दुर्रिया म्हणाल्या. "तिच्याजवळ तेवढे आहेत का, मला सांगता येत नाही."

त्यानंतर इन्शिराह पहाटे उठून माझं जेवण स्वतः उकडायची आणि मग दवाखान्याला जायची. मी सकाळ-संध्याकाळ कालव्यावर धावलो. हो, धावलो. हिल्मीनं थट्टा बंद केली. मी दिसलो की तो खुर्चीवरून उठून उभा राहायचा, ते मला जास्त लागायचं. चार आठवड्यांत अकरा किलो गेले. पँट दोरीनं बांधून वर्गात जायचो, पोरं हसायची. अकराव्या आठवड्यातल्या रविवारी फोटो ठरला. तो बरा आला, तर त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया.

त्याआधीच्या मंगळवारी रात्री जुमानाला रक्ताची उलटी झाली. बुधवारी दुपारच्या नमाजाआधी ती गेली.

दफन संध्याकाळीच झालं. तिरडी लागली नाही. शाकिरनं तिला हातांवर नेलं. वाटेत मी म्हणालो, मी घेऊ का थोडा वेळ, तर तो म्हणाला, वजन नाहीये.

तीन दिवस लोक येत राहिले, दुखवट्याची कडू कॉफी पीत राहिले. बायकांच्या खोलीतून हाज्जा नवाइम ताट घेऊन माझ्यापाशी आली. भात, मटण, वर तूप. तिचे डोळे सुजलेले होते. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं, पुढेही कुणी म्हणणार नव्हतं. "खा रे, बाळा," ती म्हणाली. "काय दशा करून घेतलीस, नुसता सांगाडा झालास." मी खाल्लं.

सगळे पांगल्यावर इन्शिराह माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं.

"अबीह, तुला चव कळली नव्हती का रे?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. विश्वास ठेवला असावा. किंवा आता दुसरा भाऊ कुठून आणायचा, असा विचार केला असावा.

शनिवारी डॉक्टर दुर्रियांचा फोन आला.  त्या म्हणाल्या, माफ करा, पण अभ्यास अर्धवट राहिला तर तुमचे आकडे टाकून द्यावे लागतील. पुढच्या मुलांच्या उपयोगाचे आहेत. रविवारी मी गेलो. यंत्रात पडून राहिलो, सांगितलं तेव्हा श्वास धरला, सांगितलं तेव्हा सोडला.

चरबी सात टक्के निघाली. वर्षभरानं अभ्यास छापून आला. त्यात एकोणीस दाते होते, पैकी सतरा यशस्वी ठरले. मी त्या सतरांत आहे.