पहिली सही

त्या रविवारी नागसेन गुरुजी बिलोलीकडच्या गावाहून लातूरला लेकीकडे आले, ते पिशवीत निवेदनाचा मसुदा घेऊनच. वाळूच्या टिप्परखाली वस्तीतल्या नागूबाईचा नातू चिरडला होता. टिप्परमालकावर गुन्हा नोंदवा म्हणून सोमवारपासून अख्खी वस्ती तहसीलसमोर बसणार होती.

लेक बुद्धप्रिया कॉलेजात मराठी शिकवायची. भाकरी कुस्करत गुरुजी म्हणाले, "तपास, माय. पर लई लाल करू नको, तहसीलदाराला वाटंल शाळाच भरली."

खाली पहिलं नाव नागूबाईचं होतं. गुरुजींची रीतच तशी. ज्याचं दुःख त्याचा अंगठा आधी, आपली सही सगळ्यांच्या शेवटी.

"बाबा, अंगठा दिसला की साहेब पुढं वाचत नाहीत. तुमची सही वर घ्या."

"रिटायर मास्तरचं वजन लई हाय म्हणतीस?"

"अंगठ्यापेक्षा आहे."

ते हसले. पान नव्यानं लिहून काढलं आणि चारच्या एसटीनं गेले. पेपर तपासायचे होते, म्हणून ती स्टँडपर्यंतही गेली नाही.

गुरुवारी लाठ्या चालल्या. वस्तीतल्या सगळ्यांना हुसकावलं, पोलिसांच्या गाडीत घातलं ते एकट्या गुरुजींना. शनिवारी कोठडीतून त्यांचा देह मिळाला. कागदावर लिहिलं होतं, छातीत दुखून मृत्यू. अंघोळ घालताना पाठ काळीनिळी दिसली.

माहितीच्या अधिकारात अर्ज, मग अपील, असं करता करता चौदा महिन्यांनी तिच्या हाती एका पत्राची प्रत आली. मुंबईहून, मंत्र्यांच्या खात्यातून निघालेलं, दोनच ओळींचं. 'आंदोलन तत्काळ मोडून काढावे. निवेदनावर पहिली सही करणाऱ्यास म्होरक्या समजून ताब्यात घ्यावे.'

भाषेत एकही चूक नव्हती. तिनं ते उभ्यानंच वाचलं. गुरुजी बसले होते त्या खुर्चीत पुस्तकांचा ढीग होता. कुणी बसू नये म्हणून तिनंच रचलेला. तसं बसायला कुणी येतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. नागूबाई दारात तूर निवडत होती.

"ये गं लेकी. कागद आला म्हनं?"

तिनं दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. म्हातारीचे हात सुपात थांबले.

"म्या म्हनतच व्हते. गुरुजी माझ्यापायी गेले. माझ्या नातवाच्या कागदापायी."

चौदा महिने म्हातारी हेच म्हणत आली होती आणि दर खेपेला बुद्धप्रिया खाली मान घालून ऐकून घेत होती. आजही चहा घेऊन उठता आलं असतं. साडेपाचची गाडी होती.

ती सुपाजवळ खाली बसली.

"आजी, बाबांनी तुझाच अंगठा पहिला ठेवला होता. अंगठा दिसला की पुढं वाचत नाहीत, असं मी म्हणाले. त्यांची सही वर मी घ्यायला लावली. मी."