बुलडोझरचे पुढचे चार

दातांच्या लॅबमध्ये तो दिवसभर पांढरा कोट घालून कवळ्या घासायचा आणि शनिवारी संध्याकाळी काडतूस व्हायचा. काडतूस हे त्याचं रॅपमधलं नाव. यमकं जुळवत समोरच्याची सालटं काढायची, हा रॅपच्या सामन्यांतला खेळ. पण त्यात एक जरी गोष्ट खोटी निघाली तर पंच बाद करणार. दोन वर्षं तो एकाच माणसाकडून हरत आला होता, त्याला सगळे बुलडोझर म्हणायचे. यंदाही हरलो तर माइक भंगारात घालीन, असं तो लॅबच्या मालकिणीला, म्हणजे सख्ख्या मावशीला, सांगून बसला होता.

आणि सामन्याच्या दोन दिवस आधी बुलडोझर स्वतःच नवी कवळी बसवून घ्यायला लॅबच्या खुर्चीत येऊन बसला. आरशासमोर रुबाबात माइक फिरवताना तोच तोंडावर बसून त्याचे पुढचे चार दात गेले होते. मास्क, चष्मा आणि टोपीआड कोण आहे हे त्या बापड्याला काय ठाऊक!

"'स' येणारं काहीतरी म्हणा," काडतूस आवाज दाबून म्हणाला. नवे दात नीट बसलेत की नाही, ते 'स'वरून कळतं.

"माझं नवं गाणंच म्हणतो. एका भामट्यावर केलंय," बुलडोझर म्हणाला आणि सुरू झाला:

"सोंग तुझं सगळं खोटं, सतरंजीवरचा सिंह तू,
सपक तुझी सगळी गाणी, सुकलेला डिंक तू!"

प्रत्येक 'स'ला कुकरसारखी शिट्टी होत होती. काडतूसला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. 'छान बसलेत' एवढंच म्हणायचा अवकाश, सामना खिशात. पण मावशी मागे येऊन उभी होती.

"वैरी तुझा असेल, कवळी लॅबची आहे," ती त्याच्या कानाशी पुटपुटली.

झालं. त्याने कवळी काढली, आतून घासली, पुन्हा बसवली. "जीभ मागे घ्या, सावकाश म्हणा." असं अकरा वेळा. अकराव्या वेळी स्वतःची निंदा त्याला इतकी स्वच्छ ऐकू आली की संताप आला आणि आपल्या हातांचं कौतुकही वाटलं.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. बुलडोझरने सुरुवातच दणक्यात केली, पण 'सतरंजी'वर त्याची जीभ अडखळली. काडतूसच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जीभ मागे घ्या, सावकाश म्हणा."

बुलडोझरने जीभ मागे घेतली, सावकाश म्हटलं. सतरंजी सुरेख आली. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला: लॅबमधला मास्कवाला तो हाच! शेवटची ओळ होती, 'सोळा आणे अस्सल मी'. त्याने काडतूसकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि ती ओळ न म्हणताच माइक खाली ठेवला.

आता काडतूसची पाळी. एक वाक्य, शंभर टक्के खरं, आणि दोन वर्षांची भरपाई. ते अगदी जिभेवर आलं होतं. पहिल्या रांगेत मावशी हाताची घडी घालून बसली होती. त्याने ते वाक्य गिळलं आणि तो बुलडोझरच्या केसांवर घसरला, मग कानांवर, मग नाकावर. नाकावरून थेट बुटांवर उतरला. लोक जांभया देऊ लागले.

"उत्तर?" पंचांनी बुलडोझरला विचारलं. त्याने मान हलवली. तोंड उघडायची त्याची हिंमत होईना.

"याने बोलती बंद केली," पंच म्हणाले आणि काडतूसचा हात वर केला. असल्या रटाळ गाण्यावर जिंकल्याची काडतूसला लाजच वाटली.

बुलडोझरने त्याला जिन्यात गाठलं. "सांगितलं का नाहीस?"

"माझंच काम मीच चव्हाट्यावर आणू?"

बुलडोझरने आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तो डावीकडचा दात जरा टोचतोय हो."

"सोमवारी या," काडतूस म्हणाला. "आणि ते गाणं नीट पाठ करून या. 'सिंह'मधून अजून थोडी हवा जातेय."