गाठीचा निकाल

सरांचा सिद्धांत साधा होता: औषधाने रक्त पातळ करा, म्हणजे ते गाठीत आतपर्यंत खेळेल, ऑक्सिजन पोचेल आणि मग रेडिएशन गाठीला चांगलं लागू पडेल. दोन वर्षं ते हे येईल त्याला ऐकवत होते. चहा आणून देणाऱ्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

ताई सरांच्या प्रयोगशाळेत मोजणारी. उंदीर मुठीत धरायचा, गाठीला कॅलिपर लावायचा, तक्त्यात आकडा लिहायचा. गाठी खरंच लहान होत होत्या. फक्त मधूनच एखादा उंदीर नाकातून रक्त येऊन पिंजऱ्यात आडवा सापडायचा.

"हा काही गाठीने गेला नाही," सर म्हणायचे. "काढा त्याला तक्त्यातून."

ताई काढायची. साहेब सांगतील ते करावं, आपण कशाला नसत्या भानगडीत पडायचं? असं करत तीस उंदरांचे अकरा उरले आणि अकराच्या अकरा ठणठणीत! सरांची कॉलर ताठ झाली.

अशात ताईच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या, ढेबऱ्याच्या, जबड्याखाली गाठ आली. डॉक्टरांनी हात टेकले. ताई तीन दिवस धड जेवली नाही.

"अहो, मग आणा की त्याला इथे!" सर हरखलेच. "कुत्र्यावरचा पहिला प्रयोग. नशीब काढलंन हो त्याने!"

संमतीपत्रात धोक्यापुढे 'नगण्य' असं छापलेलं होतं.

"सर, रक्तस्राव झाला तर?"

"आपल्या तक्त्यात आहे का कुठे?"

तक्ता ताईच्याच अक्षरातला, सुबक. त्यात खरोखरच कुठे नव्हतं. एकोणीस उंदीर तिने स्वतःच्या हाताने खोडले होते आणि त्या प्रत्येक रात्री तिला शांत झोप लागली होती.

"नाही आणत मी त्याला," ती म्हणाली.

"म्हणजे? तक्त्यावर तुमचा विश्वास नाही?"

"तक्ता मीच लिहिलाय, सर."

सरांनी चष्मा पुसला. रागावले मात्र नाहीत.

"बरं. मग ज्याने तो लिहिलेला नाही, अशा कुणाचा कुत्रा बघा."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिला शेजारणीचा कुत्रा आठवला. त्याच्याही पायाला गाठ होती, आणि मेला रात्रभर भुंकायचा.