एकास एकची शीट

आधीच सांगते, चष्म्या पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जातो. ऑफिसात ड्रॉइंग काढणारे आम्ही दोघंच. माझी सतरा वर्षं झाली, त्याची जेमतेम दीड. तरी हा माझ्या फाइली उघडणार, आत बोटं घालणार आणि वर मलाच विचारणार, "ताई, हे असं का केलंय?" त्यामुळे त्या दिवशी सकाळी साहेबांनी "पाचही कमानी बसत नाहीत" असं सांगत फोन आपटला, तेव्हा मागचा-पुढचा विचार न करता मी चष्म्यावर तोंडाचा पट्टा सोडला.

कमानी म्हणजे एका वाचनालयाच्या पाच खिडक्यांच्या चौकटींचा वरचा गोल भाग. त्या केल्या होत्या माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं. दादा सुतार आहे. गोल कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण गेल्या वर्षी तो पडला, उजवं मनगट मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून लोक त्याचं काम बघायचं सोडून हाताकडेच बघायला लागले. साहेबही काम द्यायला तयार नव्हते. मी भांडून ते त्याला मिळवून दिलं. ह्या कमानी फुकट गेल्या तर दादाला पुन्हा कोणी गोल काम देणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

गोल कामाला आमच्याकडे मापं लिहून देत नाहीत. खऱ्या आकाराची, एकास एक प्रिंट काढून देतात. सुतार ती प्लायवर चिकटवतो, रेषेवरून कापतो आणि तोच त्याचा साचा, फर्मा. म्हणजे कागद चुकला की लाकूड चुकलंच. आणि कागद चुकायला फार काही लागत नाही. कॉम्प्युटरमधली शीट म्हणजे कोरा कागद. त्यावर एक चौकट पाडायची, तिला व्ह्यूपोर्ट म्हणतात, आणि तिच्यातून आतलं ड्रॉइंग दिसतं. ते किती मोठं दिसावं हे स्केलचा आकडा टाकून ठरवायचं आणि लगेच लॉक करायचं. लॉक नसेल आणि चौकटीच्या आत माउसची चाकी जराशी फिरली, की ड्रॉइंग लहानमोठं होतं. खाली कोपऱ्यात मात्र 'स्केल १:१' असं ठसठशीत छापलेलं राहतं.

तूच माझं लॉक काढलं असशील, असं मी चष्म्याला सगळ्यांसमोर सुनावलं. तुझ्या ह्या चोंबडेपणापायी माझ्या भावाचं नाव खराब होतंय, असंही म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, फाइल उघडून बघा ना ताई. त्याचा तो थंडपणा बघून डोक्यात तिडीक गेली. त्याला तोंडावर पाडायला म्हणूनच मी फाइल उघडली.

चौकटीवर क्लिक केलं. स्केलच्या रकान्यात 'कस्टम', आणि खाली ०.९७. लॉक काढलेलं. शेवटचं सेव्ह मंगळवारी दुपारी चार चाळीसला, माझ्या लॉगिनवरून.

मग आठवलं. कमानीचं टोक शीटच्या कडेला कापलं जात होतं, म्हणून ते सरकवायला लॉक मीच काढलं होतं. नेमका तेव्हा दादाचा फोन आला, की लाकूड येऊन पडलंय, शीट कधी देतेस. मी खेकसले, देते म्हटलं ना, जीव का खातोस! फोन मानेत दाबलेला, हात माउसवर. चाकी फिरली असणार. माझ्या मशीनवर तिचा वेग मी कमी ठेवलाय, त्यामुळे एवढा फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. शंभराला तीन.

काय निघालं, असं चष्म्यानं विचारलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आत्ताच त्याला इतकं बोलले होते, आता कोणत्या तोंडानं सांगू?

"फाइल बरोबर आहे," मी म्हटलं.

आणि सगळे आपापल्या कामाला लागल्यावर रकान्यात एकास एक निवडलं, लॉक केलं, सेव्ह केलं. लाज वाटली का? वाटली. पण तेवढ्यानं हात थांबला नाही माझा.

तासाभरानं दादा एक कमान खांद्यावर घेऊन आला. साहेबांनी त्याला बसासुद्धा म्हटलं नाही. अशा शीटवर ड्रॉइंगच्या आतच आम्ही शंभर मिलिमीटरची एक रेघ काढतो. फर्मा करण्याआधी सुतारानं तिला टेप लावून बघायचा, शंभर भरली तरच शीट बरोबर. लावला होता का, असं साहेबांनी विचारलं. दादा म्हणाला, नाही, बहिणीची शीट, ती काय मोजायची. उरलेला कागद त्यानं केव्हाच भुशाबरोबर फेकला होता. साहेबांनी मला नवी प्रिंट काढायला लावली. मी काढली. त्यांनी रेघेला टेप लावला. बरोब्बर शंभर.

"बहिणीच्या शीटमध्ये काही चूक नाही, मिस्त्री," साहेब म्हणाले. "तुमच्या हातात आहे. मी आधीच म्हणत होतो."

दादानं प्रिंट जमिनीवर पसरली, तिच्यावर कमान ठेवली आणि गुडघे टेकून मोजायला बसला. इथं मोज, तिथं मोज. वरून साहेब ऐकवत होतेच, की ऑपरेशन झालेल्या माणसानं सरळ फळ्या ठोकाव्यात, कशाला नसती हौस. चष्म्या गुपचूप खुर्ची घेऊन आला, पण दादा बसला नाही. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तू फाइल बघितलीस?"

"बघितली."

"मंगळवारीपण अशीच होती?"

"हो."

तो उठला. मग हात माझाच चुकला, असं साहेबांना म्हणाला आणि कमान उचलून निघाला.

मला राहवेना. जिन्यात त्याला गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. तेव्हासुद्धा सुरुवात कशी केली, तर तुलाही तेव्हाच फोन करायचा होता का!

"माहीत आहे," तो म्हणाला. "हात हलला तर लाकूड एका जागी चुकतं. सगळीकडून सारखं लहान होत नाही."

मला खरंच संताप आला. "मग वर बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुला विचारलं ना. दोनदा."

चल वर, आत्ताच्या आत्ता सांगते, म्हणत मी कमानीचं दुसरं टोक धरलं. त्यानं ते माझ्या हातातून सोडवून घेतलं.

"तुला सांगायचं तर सांग," तो म्हणाला. "माझा हात चांगला आहे, हे मला कळलं. तू मात्र मला हात गेला म्हणून घरी पाठवत होतीस."

मी वर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, लॉकचं आणि खोटं बोलल्याचंही. साहेब मला काय काय बोलले ते सोडा. ते स्वतः खाली उतरले, दादाला परत घेऊन आले, माझ्या खुर्चीवर बसवलं, आणि कमानी नव्यानं करायच्या तर शीट आता कोणाकडून काढून घेऊ, असं त्याला विचारलं.

मी माउसवर हात ठेवून शेजारीच उभी होते. दादानं चष्म्याकडे बोट केलं.