यादीतले दोन कालोजेरो

माझे वडील आमच्या डोंगरावरच्या गावात आगबोट कंपनीचे एजंट होते. एजंट म्हणजे काय, तर चौकातली एक खोली, भिंतीवर दोन धुराड्यांच्या बोटीचं चित्र, एक टेबल, आणि टेबलामागे मी. बाबांचे डोळे अधू झाले होते, पण ते कबूल करतील तर शपथ. "अगातीनाचं अक्षर वळणदार आहे म्हणून तिला बसवतो," असं सगळ्यांना सांगायचे. निम्मा गाव मी माझ्या हाताने अमेरिकेला धाडला. आज त्यातलं कुणी आठवलं की चेहरा मागाहून येतो, आधी ओळ येते: नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का, कुणाकडे जाणार.

हल्लीची पोरं फोटो डकवलेले पासपोर्ट मिरवत जातात. आमच्या वेळी माणूस म्हणजे एक ओळ, आणि ती ओळ मी लिहायची. सतराव्या वर्षी मला त्याचा केवढा तोरा होता!

अठराशे शहाण्णव सालच्या मार्चमध्ये दोन चुलतभाऊ आले. दोघांचंही नाव कालोजेरो ताइबी. आमच्याकडे पहिल्या मुलाला त्याच्या बापाच्या बापाचं नाव द्यायचं, यात कुणाचं काही चालत नाही. अपवाद एकच. बाप गेल्यावर जन्मलेल्या पोराला बापाचं नाव. म्हाताऱ्या कालोजेरोला दोन मुलगे, दोघांना पहिला मुलगाच, म्हणून हे दोन. गावात घोळ होत नसे, कारण गावात खऱ्या नावाने हाक मारतंच कोण? एक ताडमाड उंच, तो शिडी. दुसरा एका जागी बसेल तर ना, म्हणून तो टोळ. शिडी हा विधवा विंचेंझाकाकूंचा एकुलता एक. टोळ माझ्या मैत्रिणीचा, नुन्झियाचा नवरा. त्यांचं लग्न होऊन सहा महिने झाले होते.

"वय?" मी विचारलं.

"चोवीस," शिडी म्हणाला.

"आणि तुझं रे?"

टोळ खिडकीतून बाहेरच्या गाढववाल्याची टर उडवत होता. मागे न बघता म्हणाला, "याचंच लिही. कमी लिहिलंस तर हा तिथे जाऊन माझ्यावर दादागिरी करेल."

"मेल्या, खरं सांग."

"अगातीनाबाई, तुमच्या हातात लेखणी आहे. तुम्ही म्हणाल ते खरं!"

मला हसू आवरेना. आतून बाबा ओरडले, "लिही चोवीस आणि आटप! बाहेर रांग लागली आहे."

लिहिलं चोवीस. धंदा दोघांचाही मजुरी, पत्ता दोघांचाही तोच, न्यूयॉर्कमधल्या एका गाववाल्याचा. समासात मात्र बारीक अक्षरात शिडी आणि टोळ असं लिहिलं होतं. बाबांनी भिंग लावून पाहिलं आणि खवळले. "अमेरिकेच्या सरकारला टोपणनावं दाखवतेस? दुसरा कागद घे." मी पुन्हा सगळं लिहून काढलं. अकरावी ओळ कालोजेरो ताइबी, चोवीस, मजूर. बारावी ओळ कालोजेरो ताइबी, चोवीस, मजूर. दिसायला अगदी छान दिसत होतं.

एप्रिलच्या अखेरीस पालेर्मो बंदरातल्या कंपनीच्या कचेरीतून पत्र आलं. कालोजेरो ताइबी, वय चोवीस, मजूर, बोटीवर नवव्या दिवशी तापाने मृत्यू, देह समुद्राला दिला.

"कुठला?" बाबांनी विचारलं.

मी आमच्याकडची यादीची प्रत काढली, पण अकरावी आणि बारावी ओळ सारखीच होती. बाबांनी पालेर्मोला उलट पत्र धाडलं. उत्तर आलं, की बोटीवर तुम्ही पाठवलेलीच यादी होती, त्याहून जास्त माहिती आमच्यापाशी नाही.

काकू आणि नुन्झिया एकाच गल्लीत, समोरासमोर राहायच्या. दोघींनीही काळे कपडे घातले. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजार आणून देतो ते खायचं. मयत कुणाचं ते कळेना, म्हणून दोघींनी ठरवलं, खबर येईतो दोन्ही घरांत पाव भाजायचा नाही. पाद्रीबाबांनी प्रार्थना लावली. "देवाला यादी लागत नाही," ते म्हणाले, "त्याला ठाऊक आहे कुठला ते." दोघी एकाच बाकावर हातात हात धरून बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर नुन्झियाने मला बाजूला ओढलं. तिला सहावा महिना होता. "अगातीना, मी प्रार्थना करत नाही गं. मी देवाला म्हणते, काकूंचा घे. माझ्यासारखी चांडाळीण नसेल."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. दार लावून घेतलं आणि तेच म्हणाल्या, फक्त नाव बदलून. एकमेकींपासून लपवलेली एकच गोष्ट दोन्ही दारांनी माझ्या पोटात येऊन बसली. मी त्या दिवशी टोळाला नुसतं आणखी एकदा विचारलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं.

जूनमध्ये काकूंच्या नावाने पत्र आलं. काकूंना अक्षर येत नव्हतं, म्हणून मीच उघडलं. कुणा लेखनिकाकडून लिहून घेतलेलं होतं. "आई, मी आहे. मलाही ताप होता, महिनाभर इस्पितळात काढला, म्हणून उशीर झाला. टोळ गेला. शेवटपर्यंत बडबड चालू होती. नुन्झियाला तू सांग. मला लिहवत नाही."

काकूंनी कागदाचा मुका घेतला आणि त्याची बारीक घडी घातली. मग म्हणाल्या, "हे आणखी कुणी वाचलं?"

"कुणी नाही."

"मग हे आलंच नाही."

"काकू!"

"ओरडू नकोस. सातवा लागलाय तिला. तिची आई अशाच धसक्याने बाळंतपणात गेली, मी होते तिथे. मूल हातात येऊ दे. मग मी सांगेन, माझ्या तोंडाने."

"आणि तोवर?"

"तोवर मी रडतेच आहे की. टोळाला मीही मांडीवर खेळवलंय. खोटं रडायची गरज काय?"

खरंच, उरलेला जून, सगळा जुलै त्या बाईने काळे कपडे उतरवले नाहीत. नुन्झियाच्या उंबऱ्यावर बसून रडायच्या, रोज तिच्यासाठी पाव घेऊन जायच्या. "रोझालियाने दिलाय," म्हणायच्या. रोझालिया म्हणजे पलीकडची शेजारीण. मी नुन्झियाला टाळायला लागले होते. ती दिसली की मला यादीचं काम निघायचं.

ऑगस्टमध्ये मुलगा झाला. बाप्तिस्म्याला मीच त्याची धर्ममाता. आईने चाळीस दिवस देवळात जायचं नसतं, म्हणून पोराला न्यायला मी घरी गेले. काकू त्याला झबलं घालत होत्या. मला म्हणाल्या, "पाद्रीबाबांना सांग, गास्पारे. त्याच्या आजोबांचं नाव. रीतीप्रमाणे."

"कालोजेरो," नुन्झिया अंथरुणावरून म्हणाली.

काकूंचा हात झबल्याच्या बाहीत तसाच राहिला. "अगं, असं कसं? अजून खबर कुठे..."

"काकू, पुरे. जूनपासून मी तुमच्या हातचा पाव खाते आहे. रोझालिया तीळ भाजून घालते, तुम्ही कच्चे घालता. पहिल्या दिवशी तर गरम होता. आपला पोर गेला असेल असं जिला वाटतं, ती बाई भट्टी पेटवेल का?"

काकूंनी बाही नीट केली आणि पोर माझ्या हातात दिलं. "माझा जिवंत आहे कळलं, आणि हात स्वस्थ राहिले नाहीत गं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी कधी पीठ मळलं मला समजलंसुद्धा नाही. आणि मळल्यावर तुला टाकून खाववेना."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर मला रडावं लागलं असतं. तुम्ही माझ्या वाटचं रडत होतात, मी पोटातलं सांभाळत होते. चाललं होतं ना?"

तेव्हा काकू रडल्या. दोन महिने रडत होत्या, पण तसं नाही. नुन्झियाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे वळली. मी पोराला छातीशी धरून दाराकडे सरकत होते.

"तू थांब. त्या यादीची एक प्रत तुझ्या बाबांकडे असते ना?"

"हो."

"देवळातून आलीस की काढ. अकरावा असो, बारावा असो, एका ओळीपुढे लिही, टोळ."

"लिहिते," मी म्हणाले. मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

"आणि चोवीस खोड. बावीस होता तो, अगातीना. नुसता बावीस."