चार नंबरच्या टेबलावरचा टॅब

"सही मी करणार नाय," बानाबाई म्हणाली आणि तिने कागद सुदर्शन साहेबांकडे परत सरकवला.

चुकीच्या हाताळणीमुळे टॅब वारंवार बंद होऊन सुरू होतो, असं त्या कागदावर लिहिलं होतं. सही झाली असती, तर चितेगावच्या पितळी भागांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं तपासणीला बसलेली बाई उद्यापासून खोकी चिकटवायला गेली असती.

दसऱ्याला पाच नवे टॅब आले आणि नोंदवह्या बंद झाल्या. बाकी चौघींचे टॅब नीट चालले. चार नंबरच्या टेबलावरचा बानाबाईचा टॅब मात्र नोंद निम्म्यावर आली की काळा पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. साहेबांनी चार्जर बदलला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, शेवटी सगळं पुसून टॅब कोरा केला. तरी तेच. मग दोष द्यायला उरली बानाबाईच. सातवी शिकलेल्या बाईला टॅब झेपत नाही, हे साहेबांना पटायला जराही वेळ लागला नाही.

बानाबाईला या गोष्टीचा भयंकर राग आला होता. तिने घरची वही आणून आठवडाभर टॅब बंद पडल्याची प्रत्येक वेळ टिपून ठेवली होती. ती वही तिने आता उघडली.

"हे वाचा. जेवणाची सुट्टी, टॅब टेबलावर, माझे हात भाकरीत. तरी बंद पडला. मग माझी चूक कशी?"

मग दोष कुठे आहे ते तुम्हीच दाखवा, असं साहेब वैतागून म्हणाले.

तिने टॅबचं कव्हर काढलं. पितळी भागावर राहिलेली बारीक धार शोधायला ती रोज नख फिरवायची, तसंच टॅबच्या कडेवरून फिरवलं. चालू-बंदच्या बटणापाशी नख अडकलं. शेजारच्या सोनियाच्या टॅबचं बटण वर होतं, हिचं आत रुतून बसलेलं. बानाबाईने केसातली पिन काढून फट खरवडली. टेबलावर लाल-पिवळी खपली पडली.

दसऱ्याला खोक्यातून निघालेल्या पहिल्या टॅबला साहेबांनीच ओलं हळद-कुंकू लावायला सांगितलं होतं. ते लावलं सोनियाने. बानाबाईचा नवरा वारलेला, म्हणून तिला दाराशी उभं केलं होतं. तिच्या वाट्याला नेमका तोच टॅब आला होता.

"पूजेला माझा हात लागू दिला नव्हता, साहेब," ती म्हणाली.

बटण मोकळं झालं. साहेब घड्याळ बघत अर्धा तास उभे राहिले. टॅब एकदाही बंद पडला नाही. मग ते कागदावरची ओळ खोडू लागले.

"खोडू नका. नवा कागद घ्या, अन् काय निघालं ते बी लिहा."

त्यांनी लिहिलं. बानाबाईने शब्द न् शब्द वाचला, मगच सही केली.

सोनिया ओशाळली होती. तिने फडकं पुढे केलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, बोट पुसून घ्या."

बानाबाईने बोटाकडे पाहिलं. तेरा वर्षांनी त्याला कुंकू लागलं होतं.

"असू दे," ती म्हणाली आणि त्याच बोटाने तिने पुढची नोंद उघडली.