कपाटातल्या मशीनचा पत्ता

ती दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर प्लास्टर, मेण आणि बारीक ड्रिलची किरकिर. त्या किरकिरीवर तिच्याकडे एकच उपाय होता, कानात बाबांचं व्हायोलिन.

तिचे वडील काही मोठे वादक नव्हते. ऑफिसातून आले की तासभर वाजवायचे आणि स्वतःच टेप करून ठेवायचे. ते गेले तेव्हा एकसष्ट कॅसेटी मागे राहिल्या. तिच्या नवऱ्याने दोन वर्षं रविवारचे रविवार बसून त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, बैठकीतल्या कपाटात एक छोटं मशीन बसवलं आणि सगळं त्यात भरलं. "कुठेही असलीस तरी मोबाइलवर ऐकशील," म्हणाला. तेव्हा ती कुठेच जाणार नव्हती.

मग ती गेली. मोठं भांडण असं झालंच नाही. बोलणं आटत गेलं, आणि तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली तेव्हा दोघांनीही ते सोयीचं मानलं. आठ महिन्यांत एक फोन नाही. व्हायोलिन मात्र रोज येत होतं.

एका मंगळवारी ते आलं नाही. मोबाइलवर नुसतं 'सर्व्हर सापडत नाही.' तिने मोबाइल बंद-चालू केला, ॲप काढून पुन्हा टाकलं. तीन दिवसांनी नणंदेला सहज म्हणून विचारलं.

"दादाने नेटची कंपनी बदलली ना," नणंद म्हणाली. "आणि वहिनी, मला कशाला मध्ये घालतेस? त्याच्या फोनला काय काटे आलेत?"

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"बाबांचं बंद पडलंय," ती म्हणाली. कसा आहेस, काय चाललंय, काहीच नाही.

"अरे! राउटर बदललाय. नवीन राउटरला नियम सांगायचा राहिला." मग जरा थांबून, "संध्याकाळी बसतो. तू बाहेरून लावून बघत राहा."

संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर ती टेबलाशी बसली. तो तिकडे बोलत बोलत करत होता. राउटर म्हणजे घराचं फाटक. या नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, कुणी आलं तर त्याला कपाटातल्या मशीनकडे पाठव, एवढंच त्याला सांगायचं.

"बघ आता."

"नाही."

"थांब. नवीन राउटरने मशीनला नंबरच वेगळा दिलाय. मी जुन्याच नंबरवर पाठवतोय. म्हणजे पाहुणा रिकाम्या खोलीत."

"तुझं नेहमीचंच," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. हसू आल्याचं तिलाच नवल वाटलं. त्याने नंबर सुधारला. तरी नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून फोन केला. राउटरमध्ये घराचा एक पत्ता दिसत होता आणि बाहेरच्या जगाला दुसराच. "कंपनीने आख्ख्या गल्लीला मिळून एकच पत्ता दिलाय. तुझा मोबाइल येतो तो कंपनीच्या दारापर्यंतच. आपल्या फाटकापर्यंत पोचतच नाही."

'आपल्या' हा शब्द त्याच्या तोंडून सवयीने गेला. तिने तो ऐकला.

"मग?"

"कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागेल. किंवा..." तो अडखळला. "किंवा मशीनच पाठवून देतो तुला. तुझ्याच बाबांचं आहे सगळं. पोर्टबिर्टची कटकटच नको."

सरळ उपाय होता. पण कपाट, त्यातला हिरवा दिवा, बाजूची त्याची खुर्ची, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"नको. इकडे वीज फार जाते," ती म्हणाली. इकडे वीज कधीच जात नव्हती.

"बरं. मग कंपनीच्या मागे लागतो."

चार दिवस तो मागे लागला आणि रोज फोनवर सांगत राहिला. कुठल्या बाईने थांबायला लावलं, कुणी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. त्याच्या आईचा गुडघा, गॅलरीतली कुंडी, हेही आपोआप येत गेलं. पाचव्या दिवशी पत्ता मिळाला.

"लाव."

तिने लावलं. आधी टेपची सरसर, बाबांचा खोकला, मग तारा जुळवण्याचा आवाज.

"आलं," ती म्हणाली.

"चला, झालं एकदाचं. ठेवतो मग."

त्यानंतर फोन आला नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. व्हायोलिन दिवसभर व्यवस्थित वाजायचं आणि ती मधूनच मोबाइलकडे बघायची, कुठे अडकतंय का. दोन आठवड्यांत एकदाही अडकलं नाही.

शनिवारी दुपारी हातांवरचं प्लास्टर धुऊन तिने नंबर लावला.

"काय झालं? परत बंद पडलं?"

"नाही. छान चाललंय."

"मग?"

"मग काही नाही. असाच केला."

पलीकडे काहीतरी शिजत असल्याचा आवाज येत होता.

"थांब," तो म्हणाला, "ठेवू नकोस हं. गॅस बंद करून येतो."